पुढचं उजवं चाक

दसऱ्याच्या सकाळी नारायणरावांनी स्वयंपाकघरात येऊन गॅसचा कॉक तिसऱ्यांदा तपासला, तेव्हा शोभाबाईंनी श्रीखंडाचं पातेलं ओट्यावर जरा आदळूनच ठेवलं.

"बंद आहे. मघाशी होता, त्याच्या आधीही होता. आता काय त्याची आरती करू?"

"नाही, मी आपलं सहज."

"सहज माणूस एकदा बघतो."

बेचाळीस वर्षांच्या संसारात शोभाबाईंनी या 'सहज'चे सगळे प्रकार पाहिले होते. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेल्यावर परत येऊन ओढून बघणं. दहावीचे पेपर तीनदा तपासणं, आणि गठ्ठा बांधल्यावर तो सोडून पुन्हा बेरजा करणं. शाळेतली मुलं सरांना 'डबल चेक' म्हणायची. सुरुवातीला शोभाबाईंना हा स्वभाव वाटला. मग मुलगा अभिजीत दोन महिन्यांचा असताना एकदा त्याच्या झोळीची गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघणाऱ्या नवऱ्याचा चेहरा त्यांनी पाहिला, आणि हा स्वभाव नव्हे, भीती आहे, हे त्यांना कळलं. त्या दिवसापासून सासरच्या, चुरींच्या घरातल्या जुन्या मोटारीवर त्यांचा राग होता. मोटारीवर रागावणं सोपं होतं. सासऱ्यांचा फोटो दिवाणखान्यात होता आणि थोरले दीर शेजारच्या खोलीत.

ती मोटार आज अंगणात उभी होती. पन्नास वर्षं मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उंदरांची बाळंतपणं करत बसलेली बया, आज लाल रंग लावून, झेंडूचा हार घालून नवरीसारखी नटली होती. सिंगर. एकोणीसशे चौतीस सालची, इंग्लंडात घडलेली, दोन माणसांची, छप्पर नसलेली, पाठीला दोन जादा चाकं बांधलेली. लग्न होऊन सिल्वासात आल्यावर शोभाबाईंनी नाव ऐकून "म्हणजे शिलाई मशीन का?" असं विचारलं होतं आणि सगळं घर हसलं होतं. नारायणराव सोडून.

पोर्तुगीजांच्या वेळी कुण्या साहेबाने ती दमणहून आणली आणि चोपन्न साली त्यांची सत्ता गेली तेव्हा पळताना इथेच टाकली. केळव्याहून नोकरीला आलेले सासरे, अण्णा, तेव्हा सरकारी मोटारखान्याचे मुख्य मिस्त्री. त्यांनी ती लिलावात घेतली आणि पुढची वीस वर्षं पोटच्या पोरांपेक्षा जास्त वेळ तिच्याबरोबर घालवला, असं सासूबाई म्हणायच्या. सासूबाई खोटं कधी बोलल्या नाहीत.

ताडपत्री काढली थोरल्या दिरांच्या, भगवंतरावांच्या, अमृताने. अमृता इथल्याच एका कारखान्यात टूलरूम सांभाळते. तिच्या हाताखाली खानदेशातली चौदा माणसं आहेत आणि चौदाही तिला टरकून असतात. तीन वर्षांपूर्वी तिची आई, प्रमिलावहिनी, गेल्या. दिवस झाल्यावर भगवंतराव मुलीला म्हणाले, "ताडपत्री काढ." एवढंच. मग तिने रोज कारखान्यातून आल्यावर आणि रविवारी पूर्ण दिवस त्या गाडीचा एकेक भाग सोडवला. प्रत्येकाचा फोटो काढला, प्रत्येकाला चिठ्ठी बांधली, आणि जे जिथं होतं तिथंच, जसं होतं तसंच परत बसवलं. अण्णाआजोबांच्या हातचं काही बदलायचं नाही, हा तिचा हट्ट होता आणि त्याचा तिला अभिमानही होता.

पुढच्या महिन्यात कोइमतूरला जुन्या गाड्यांची शर्यत होती. अमृताने नाव दिलं होतं. त्याआधी आज पहिल्यांदा सिंगर रस्त्यावर जायची होती. जवळच्या रांधा गावापर्यंत आणि परत. पन्नास वर्षांपूर्वी ती रांध्यापर्यंत गेली होती आणि परत आली नव्हती, हे टोकरखाडा वस्तीतल्या त्या अंगणात कुणीही मोठ्याने बोलत नव्हतं.

"ताई, अजून सांगतो," अभिजीत म्हणाला. तो कालच ठाण्याहून आला होता. "म्युझियमला दे. अशा गाड्या देशात किती असतील, दोन? तीन? आणि तू तिला शर्यतीत पळवणार?"

"शर्यतीची गाडी आहे, अभी. लोणच्याची बरणी नाही, फळीवर ठेवायला." अमृताने हातमोजे चढवले आणि सिल्वासाच्या गुजरातीमिश्रित ढंगात म्हणाली, "चल, बस बाजूला. तुला पण मज्जा आवशे."

"मी?"

"घाबरलास ने?"

झालं. चुरींच्या घरात पुरुषाला कुठेही बसवायचं असेल तर एवढं पुरतं. अभिजीत बाजूला जाऊन बसला.

पायरीवर बारकू बसला होता. अण्णांच्या हाताखाली मोटारखान्यात उमेदीची वर्षं काढलेला वारली माणूस, आता ऐंशीला टेकलेला. दर दसऱ्याला तो रांध्याहून यायचा, अण्णांच्या फोटोला हात जोडायचा, जेवायचा आणि न बोलता जायचा.

भगवंतराव वेताच्या खुर्चीत होते. उजवा पाय नेहमीसारखा सरळ, काठीसारखा पुढे. तो पाय पन्नास वर्षांत वाकला नव्हता.

"नट कोण ठोकणार?" त्यांनी विचारलं.

सिंगरच्या प्रत्येक चाकाला मधोमध एकच मोठा, दोन कानांचा नट. तांब्याच्या हातोड्याने कानावर घाव घालून तो आवळायचा. अण्णांचा नियम होता: जो चालवणार त्याने ठोकायचं नाही. घरच्या दुसऱ्या माणसाने ठोकायचं, सात घाव, मग नटावर हात ठेवून म्हणायचं, "बसला." चालवणाऱ्याने म्हणायचं, "ऐकलं." चार चाकं, चारदा. मोटारखान्याच्या खडखडाटात अण्णांचे कान अधू झालेले, त्यामुळे हे सगळं ओरडून चालायचं आणि शेजारचे वैतागायचे.

"मी ठोकतो," अभिजीत उठू लागला.

"तू बस," भगवंतराव म्हणाले. "नारू ठोकेल."

"भाऊजी," शोभाबाई पुढे आल्या. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "पन्नास वर्षं झाली. पुरे नाही का झालं अजून? काय सिद्ध करायचंय तुम्हाला त्यांच्याकडून?"

"शोभा, मला काहीच..."

"बाबा, काकू बरोबर बोलतात," अमृता म्हणाली. "मी करते ना. नियम-बियम राहू दे."

"नियम राहू द्यायचा नाही," नारायणराव म्हणाले. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. काल खंडेनवमीला पाटावर पुजलेला तांब्याचा हातोडा त्यांनी उचलला, त्यावरचं कुंकू अंगठ्याने पुसलं, आणि चालत मोटारीपाशी गेले.

*

हातोडा अजून तसाच होता. दांडा गुळगुळीत, डोकं एका बाजूने चेपलेलं. नारायणरावांना वाटलं होतं तो जड लागेल. लागला नाही. हातांना बरंच काही आठवत असतं. प्रश्न डोक्याचा असतो.

तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. चौऱ्याहत्तर सालचा डिसेंबर. अण्णांनी महिनाभर राबून सिंगर पूर्ण खोलली होती आणि परत बांधली होती. मुंबईला शर्यत होती आणि चालवणार होता दादा. दादा चोवीस वर्षांचा, देखणा, सगळ्या सिल्वासाचा लाडका. त्या सकाळी रांध्यापर्यंत पहिली चाचणी होती आणि अण्णा कचेरीत होते. नारूने सात-सात घाव घातले. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. बसला, बसला, बसला, बसला. दादा हसत निघून गेला.

रांध्याच्या वळणाआधी पुढचं उजवं चाक निघालं आणि एकटंच शेतात धावत गेलं. गाडी नाल्यात. दादाचा गुडघा कायमचा गेला.

दवाखान्यात अण्णा खाटेपाशी उभे होते आणि नारू दाराबाहेर. अण्णा मोठ्याने बोलायचे, म्हणून सगळं ऐकू आलं. "चारही ठोकले होते का त्याने? तू ऐकलंस का चारही?"

आणि दादाचा आवाज: "आठवत नाही."

अण्णांनी कधी हात उगारला नाही. शिवी दिली नाही. एकदाच म्हणाले, "तोंडाने बसला म्हटलं की नट बसत नाही, नारू." मग ताडपत्री घातली. पुढे नारूने शिक्षक व्हायचं ठरवलं तेव्हा त्यांनी अडवलंही नाही. थोरला लंगडा आणि धाकटा निरुपयोगी, म्हणून मोटारखान्याची गादी रिकामी राहिली, असं नारायणरावांनी आपलं आपण समजून घेतलं.

वाईट हे नव्हतं की लोकांनी विश्वास ठेवला नाही. वाईट हे होतं की हळूहळू त्यांचा स्वतःचा विश्वास उडाला. पहिले तीन नट लख्ख आठवत. चौथा त्यांनी इतक्यांदा आठवून पाहिला होता की तो झिजून गेला होता. ठोकला होता की नुसतं तोंडाने म्हटलं होतं, हे आता त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"काका, सावकाश," अमृता स्टिअरिंगमागून म्हणाली.

त्यांनी मागचं डावं घेतलं. सात घाव. हात ठेवला. "बसला."

"ऐकलं!"

मागचं उजवं. पुढचं डावं. मग ते पुढच्या उजव्या चाकाशी आले. अभिजीत त्याच बाजूला बसला होता काय, असं त्यांनी पाहिलं. नव्हता, तो डावीकडे होता. त्याने काय फरक पडणार होता? मुलगा गाडीतच होता. त्यांनी घाव घातले. सातानंतर आठवा. आठव्यानंतर नववा. घामाने चष्मा घसरला. नटावर हात ठेवला तो उचलावासा वाटेना.

"बसला," ते शेवटी म्हणाले.

"ऐकलं, काका!"

सिंगर फडफडली, धूर सोडला, आणि फाटकातून अशी काही बाहेर पडली की डोकमर्डीकडून येणारे दोन स्कूटरवाले थांबून बघतच राहिले. भगवंतरावांच्या डोळ्यांना पाणी आलं. तो आवाज त्यांनी प्रमिलेला पहिल्यांदा बाजूला बसवून ऐकवला होता.

*

जाऊन येऊन अर्धा तास. पाऊण तास झाला. नारायणराव फाटकापाशी जाऊन उभे राहिले, परत आले, पुन्हा गेले. शोभाबाईंनी फोन लावला. अभिजीत म्हणाला, "येतोय आई, हळूहळू येतोय, काही झालं नाही," आणि जरा घाईनेच ठेवला. 'काही झालं नाही' हे कुणी न विचारता सांगितलं की आईला काय कळायचं ते कळतं.

सिंगर चालत्या माणसाच्या वेगाने आली. अमृता उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढरा होता. अभिजीत आधीच उतरून पुढच्या उजव्या चाकाच्या बाजूने चालत आला होता, एक हात चाकाच्या दिशेने धरून. हाताने काय थांबवणार होता कोण जाणे.

नट दोन आट्यांवर लटकत होता. अमृताने बोटांनी फिरवला आणि तो तिच्या तळहातात आला.

नारायणराव त्या नटाकडे बघत राहिले. मग हळूच पायरीवर, बारकूशेजारी, खाली बसले.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. "तेव्हाही मीच. माझा मुलगा होता गाडीत, तरी..."

"काय मीच?" शोभाबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "नऊ घाव घातलेत तुम्ही. मी मोजले. सात सांगितले होते, तुम्ही नऊ घातलेत. अहो, आज एकटे नव्हता तुम्ही! मी होते, भाऊजी होते, मुलं होती, बारकूदादा होते. सगळ्यांनी बघितलंय तुम्हाला ठोकताना. तरी निघाला ना नट? मग तेव्हाही ठोकला असेल आणि तरी निघाला असेल. एवढं साधं गणित, आणि गणिताचे मास्तर म्हणवता!"

नारायणरावांनी मान वर केली. त्यांना ते ऐकू आलं होतं, पण पटायला वेळ लागत होता.

अमृताला मात्र ते लख्खकन पटलं. ती इतर तीन चाकांपाशी जाऊन वाकली. त्यांचेही नट कानभर सरकले होते. तिने खिशातून खडू काढला.

"अभी, इकडे ये. हा नट मी हाताने लावते, ठोकत नाही. ही बघ रेघ, नटावर आणि चाकावर, सरळ एक. आता गाडी ढकल पुढे. हळू."

गाडी चार हात पुढे सरकली. रेघ तुटली. नटावरचा तुकडा बोटभर सुटायच्या बाजूला गेला होता. आणखी चार हात. दोन बोटं.

"आता मागे ओढ."

मागे ओढली तशी रेघ पुन्हा जुळू लागली.

"ओ माय गॉड," अमृता खालीच बसली. "पुढे गेली की सुटतो, मागे आली की आवळतो. नट बरोबर आहे. ठोकलाही बरोबर. आटे उलट्या बाजूला आहेत. डावीकडचे हब, ज्यांच्यावर चाक आणि नट बसतात ते, उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे. चालता चालता चाकच नट सोडवतं. नऊ काय, नव्वद घाव घातले असते तरी सुटला असता, काका." तिने कपाळाला हात लावला, खडूसकट. "नटांवर लिहिलेलं असतं डावा-उजवा, पण अक्षरं कधीच घासून गेलीत. आणि मी बावळट. फोटो काढून काढून, होतं तसंच बसवलं."

"आसंच केलेलं," बारकू म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बारकू कधी बोलत नसे.

"खडूनं. अण्णासायबांनी. चाक निघालं त्याच्या चौथ्या दिशी. मना बोलले, ढकल. मी ढकलली. रेघ फुटली. परत बोलले, ढकल. मंग तिथंच बसले, शेडमदी, सांज होईस्तो."

"अण्णांनी?" नारायणराव म्हणाले.

"तेंनीच बसवलेले ना हब. सरकारी जीपला डाव्या अंगाला उलटे आटे, उजव्याला सुलटे. आमचे हात जीपचे. ही मोटार खोलली तर हिचं समदं उलट. अण्णासायब बोलले, कोणी गाढवानं अदलाबदल केली हाय, आपण बराबर करून टाकू. नि बराबर केलं." बारकूने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मना बोलले, बारकू, तू काय पाह्यलं नाय. मी नाय पाह्यलं. त्यांचं मीठ खाल्लेला मानूस मी. पन जड व्हतं, नारूभाऊ. लई जड व्हतं."

शोभाबाई आत गेल्या. दिवाणखान्यातल्या फोटोवरचा हार त्यांनी काढला, बाहेर आणला आणि मोटारीच्या बॉनेटवर ठेवून दिला.

नारायणरावांना राग आला. तो इतक्या उशिरा आला होता की त्याचं काय करायचं ते त्यांना समजेना. मेलेल्या बापाशी भांडायचं कसं? ते उठले, दोन पावलं चालले, परत आले.

"मला शिक्षक होऊ दिलं," ते म्हणाले. "अडवलं नाही. मला वाटलं मी नालायक, म्हणून. त्यांना तर मीच नजरेसमोर नको होतो! मी मोटारखान्यात गेलो असतो तर कधीतरी मला कळलं असतं, म्हणून. दादा, ऐकलंस? अण्णांना माहीत होतं."

भगवंतराव खुर्चीत पुढे झुकले. काठीच्या मुठीवर दोन्ही हात, आणि हातांवर हनुवटी. अमृताने बापाला असं कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा?"

"मलाही माहीत होतं," भगवंतराव म्हणाले.

"हबचं?"

"हबचं नाही. ते आज कळलं. नारूने ठोकला होता ते." त्यांनी धाकट्या भावाकडे पाहिलं नाही, जमलं नाही त्यांना. "चारही ठोकलेस तू. मी चारदा 'ऐकलं' म्हटलं. चौथ्याला तुझा हातोडा निसटून तुझ्या पायावर पडला, तू आई गं म्हणालास, आणि उचलून पुन्हा पहिल्यापासून सात घातलेस. मी हसलो होतो तुला. मला सगळं आठवत होतं, नारू. दवाखान्यातही आठवत होतं."

नारायणराव आपल्या डाव्या पावलाकडे बघत होते. अंगठ्याचं नख तिथे वाकडं होतं, किती वर्षांचं कोण जाणे. ते कशाने वाकडं झालं हे त्यांनी कधी आठवून पाहिलं नव्हतं.

"मग आठवत नाही का म्हणालास?"

"अण्णांनी बजावलं होतं, तीसच्या वर जायचं नाही. मी साठला होतो. वळणाच्या पुढे प्रमिलेचं घर होतं." भगवंतरावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तू ठोकला होतास म्हटलं तर चूक माझी निघाली असती. वाटलं, चार दिवसांत सांगू. मग चार दिवसांनी अण्णाच विषय काढीनात. मला वाटलं, विसरले. ते का काढत नव्हते हे आत्ता कळतंय. बापलेक दोघेही तुझ्या आडोशाला बसलो. प्रमिलेला सांगितलं होतं मी. ती जाईपर्यंत म्हणत होती, भाऊजींना सांगा, भाऊजींना सांगा. शेवटी ताडपत्री काढायला सांगितली. तोंड उघडण्यापेक्षा ते सोपं वाटलं. आणि आज तुला ठोकायला लावला, म्हटलं चौघांच्या देखत ठोकेल, गाडी सुखरूप येईल, त्याचं मन मोकळं होईल आणि मला काही बोलावंच लागणार नाही."

"गाडीत अभिजीत होता, भाऊजी," शोभाबाई म्हणाल्या.

"हो."

"एवढंच म्हणायचं होतं मला." त्या पदराने डोळे पुसत आत गेल्या, आणि थोड्या वेळाने पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आधी बारकूला दिलं, मग नवऱ्याला. दिराच्या हातात पेला दिला तो सगळ्यात शेवटी, पण दिला.

*

जेवणं राहून गेली. श्रीखंड फ्रिजमध्ये गेलं आणि पुऱ्यांची कणीक वाळली. अमृताने कारखान्यातून हब ओढून काढायचा पुलर आणला, जॅक लावले, आणि चारही हब काढून अदलाबदल करायला घेतली. अण्णाआजोबांच्या हातचं बदलायचं नाही हा नियम तिने स्वतःच्या हाताने मोडला, आणि मोडताना ती अधूनमधून रडत होती, ते काम न थांबवता. अभिजीत पाने देत होता. म्युझियमचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

नारायणराव भावाशी एक शब्द बोलले नाहीत. बोलायचं काय, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. माफ केलं म्हणावं तर ते खरं नव्हतं. नाही म्हणावं तर समोर पंचाहत्तर वर्षांचा, एका पायाने अधू माणूस बसला होता, ज्याने लहानपणी त्यांना सायकल शिकवली होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि दोन्हींचा त्रास होत होता.

चार वाजता अमृताने खडूची रेघ मारली, गाडी ढकलली. रेघ आवळायच्या बाजूला सरकली. मग तिने हातोडा कापडाने पुसून काकांसमोर धरला.

"काका, तुम्ही."

"चालेल." त्यांनी हातोडा घेतला. "अभी, तू बसणार आहेस?"

"बसणार ना," अभिजीत म्हणाला. "डोळे मिटून."

"डोळे उघडे ठेव."

मागचं डावं. सात घाव. "बसला."

अमृताने तोंड उघडलं, पण तिच्याआधी खुर्चीतून खरखरीत आवाज आला. "ऐकलं."

ती बापाकडे वळली आणि मग मुकाट समोर बघत बसली. मागचं उजवं. "बसला." "ऐकलं." पुढचं डावं. "बसला." "ऐकलं." शेजारच्या गच्चीवर एक बाई दोरीवरचे कपडे काढता काढता थबकून बघू लागली.

नारायणराव पुढच्या उजव्या चाकाशी आले. सात घाव घातले. मोजून सात. आठवा घातला नाही. हात नटावर ठेवला आणि लगेच उचलला.

"बसला."

"ऐकलं," भगवंतराव म्हणाले, पण इतक्या हळू, की तो शब्द त्यांच्या काठीपर्यंतच पोचला.

नारायणरावांनी हातोडा खाली ठेवला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी भावाकडे सरळ पाहिलं.

"मोठ्याने म्हण, दादा," ते म्हणाले. "अण्णांना कमी ऐकू यायचं."

भगवंतरावांनी काठी रोवली. अमृता उठू लागली तिला त्यांनी हातानेच थांबवलं. ते खुर्चीतून उभे राहिले, न वाकणारा पाय पुढे टाकला, दिवाणखान्याच्या उघड्या दाराकडे तोंड केलं, आणि सगळ्या टोकरखाड्याला ऐकू जाईल असे ओरडले.

"ऐकलं होतं, अण्णा! चारही ऐकले होते!"